तिथी गुणिले पाऊण

कोकणात सहकुटुंब जायचं ठरलं की आमच्या घरात पहिला प्रश्न समुद्राचा निघत नाही, संडासाचा निघतो. आईचे गुडघे धरल्यापासून ‘कमोड आहे का’ हे विचारून झाल्याशिवाय आम्ही कुठल्याही रमणीय स्थळाकडे वळत नाही. मग मुलीचा प्रश्न येतो, रेंज आहे का. मग मुलाचा, स्विमिंग पूल आहे का. समोर अख्खा अरबी समुद्र असताना याला टाइल्स लावलेलं डबकं कशाला हवं, हे मला अजून कळलेलं नाही. बायकोची अट एकच असते, चार दिवस तिला ओट्याचं तोंड दिसता कामा नये. या सगळ्या अटी एका छपराखाली आणायचं काम माझ्याकडे असतं. माझ्याकडेच का, हे मला कुणी सांगितलेलं नाही. पण काही बिघडलं तर बोलायला घरात एक ठरलेला माणूस लागतो, असा माझा अंदाज आहे.

तर मुलांच्या परीक्षा आटोपल्या आणि मी वही घेऊन बसलो. मालवण-तारकर्ली पुण्याहून लांब पडतं. गणपतीपुळे झालेलं होतं. अलिबाग-नागावला सुट्टीत अर्धी मुंबई आधीच येऊन बसलेली असते. शेवटी हरिहरेश्वर, तिथून खाडी ओलांडून कासवांचं वेळास आणि मग दापोलीकडे हर्णे-मुरुड असा बेत कागदावर उतरला. कागदावर तो फारच सुरेख दिसत होता. तिथेच ठेवायला हवा होता.

राहायच्या जागा शोधताना माझ्या लक्षात आलं, की किनाऱ्यावरची प्रत्येक खोली समुद्रापासून दोन मिनिटांवर असते. कुणाची दोन मिनिटं, ते लिहिलेलं नसतं. ‘सी-टच’ म्हणून जी जागा मला फोटोत आवडली, तिच्या मालकाला मी विचारलं, समुद्र खरंच टच होतो का, तेव्हा तो म्हणाला, “पावसाळ्यात होतो.” सरकारी निवासांची चौकशी मी केली तेव्हा ती भरलेली होती, कारण त्यांची नोंदणी लोक दोन-तीन महिने आधी करतात आणि मी निघायच्या आधल्या आठवड्यात करत होतो. मग उरल्या त्या ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’वाल्या जागा. खरं सांगायचं तर कोकणात राहावं तर अशाच ठिकाणी. पण हे शहाणपण नंतरचं. तेव्हा मला दुसरं काही मिळालं नव्हतं.

त्यातही मी आधी मुरुडच चुकलो. एक मुरुड जंजिऱ्याचं, रायगड जिल्ह्यातलं. दुसरं दापोली तालुक्यातलं, महर्षी कर्व्यांचं. मी जंजिऱ्याच्या मुरुडातल्या एका सज्जन गृहस्थांना फोन लावून हर्णे बंदर किती लांब आहे असं विचारत होतो आणि ते “बरंच लांब आहे हो” म्हणाले की त्यांनाच समजावत होतो, की नकाशात तर पाच-सहा किलोमीटर दिसतंय. त्यांनी फार सोसलं. शेवटी म्हणाले, “तुम्ही आधी ठरवा, तुम्हाला कुठल्या जिल्ह्यात यायचंय.”

बरोबर मुरुडाला लावलेला फोन असा झाला.

“राहायची सोय आहे ना?”

“आहे की. किती माणसं?”

“पाच. त्यात एक आई.”

“आई म्हणजे माणसांतच ना?”

“हो, हो. म्हणजे कमोड...”

“आहे. गरम पाणी बंबाचं. फक्त जेवणाचं एक आधीच सांगून ठेवतो, आमच्याकडे...”

इथे रेंज गेली. मी वहीत लिहिलं : जेवण, आहे.

आता पाऊणपटीचं प्रकरण. हरिहरेश्वरला देवळामागे डोंगराच्या फटीतून पायऱ्या उतरत थेट समुद्रातल्या खडकांवर जाणारी प्रदक्षिणेची वाट आहे. लाटांनी त्या खडकांवर केलेली नक्षी बघण्यासारखी असते असं सगळे सांगतात. पण वाट फक्त ओहोटीला उघडी, भरतीच्या वेळी तिथे जाणं जिवावरचं. ऑफिसातल्या एका कोकणस्थ मित्राने मला भरती काढायचा पिढीजात हिशेब शिकवला होता : तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण, सहा वाजता भरती. दोन भरत्यांच्या मध्ये ओहोटी. इतका सोपा नियम मला आयुष्यात कुणी शिकवला नव्हता. त्या दिवशी तारीख होती १२. बारा गुणिले पाऊण, नऊ. म्हणजे भरती नऊला आणि ओहोटी बरोबर दुपारी तीनला. मी ताम्हिणी घाटात हे सगळ्यांना दोन वेळा समजावून सांगितलं. मागच्या सीटवरून आई म्हणत होती, “अरे, वाटेत साबुदाण्याची खिचडी कुठे मिळते का बघ, आज संकष्टी आहे.” मी म्हटलं, “आई, मध्ये बोलू नकोस, मी भरती सांगतोय.” माणगावला चहाला थांबलो तिथेही ती संकष्टीच म्हणत होती. म्हसळ्याला मी तिला केळी घेऊन दिली आणि विषय संपवला.

तीनला पाच मिनिटं कमी असताना आम्ही प्रदक्षिणेच्या पायऱ्यांशी पोचलो. खालून असा काही आवाज आला की मुलाने माझा हात सोडून त्याच्या आईचा धरला. शेवटच्या पायऱ्या पाण्यात होत्या आणि लाटा उरलेल्यांची चौकशी करत होत्या. तिथे नारळ विकायला बसलेल्या आजोबांना मी जरा दरडावूनच विचारलं, की आत्ता ओहोटी असायला हवी ना. ते म्हणाले, “चतुर्थी ना आज? चार पाऊण तीन. ऐन भरती आहे.”

मी इंग्रजी तारखेला गुणलं होतं.

आई काही बोलली नाही. तिने काळभैरवाचं दर्शन घेतलं, मग हरिहरेश्वराचं, मग रीतीप्रमाणे पुन्हा काळभैरवाचं, आणि बाहेर येऊन फक्त इतकं म्हणाली, “तिथी मी सकाळपासून सांगत होते.”

हरिहरेश्वरहून थोड्याच अंतरावर बागमांडला. तिथून सावित्रीच्या खाडीतून फेरीबोटीने गाडीसकट पलीकडे वेशवीला उतरायचं, की रायगड जिल्हा संपून रत्नागिरी सुरू. या बोटीला तिकडे जंगलजेटी म्हणतात, आणि लहान मुलांना दाखवायला हिच्याइतकी झकास गोष्ट कोकणात दुसरी नाही; मोटार पाण्यावरून चालली आहे आणि आपण खाली उतरून वारा खातो आहोत. पण त्या दिवशी बोटीवर गाड्या उलट्या चढवत होते. आता मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कसाबसा रिव्हर्स घेतो, पण तिथे मागे खांब असतो, खाडी नसते. उतारावर गाडी लावून मी मागे बघितलं तर बोटीवरचा खलाशी, तिकीटवाला, दोन दुचाकीस्वार, मासळीच्या टेम्पोचा ड्रायव्हर आणि माझा स्वतःचा मुलगा असे सगळे हात हलवत “येऊ दे, येऊ दे” म्हणत होते आणि प्रत्येकाचा हात वेगळ्या दिशेला चालला होता. मी सगळ्यांचा मान राखायचा प्रयत्न केला. गाडी आडवी झाली. मागे रांग लागली, कुणीतरी हॉर्न दिला, मी घाबरून वायपर चालू केला, तो बंद करताना पाण्याची पिचकारी उडाली, आणि तेवढ्यात तो खलाशी खिडकीशी येऊन अत्यंत आदराने म्हणाला, “काका, उतरा.”

त्याने अर्ध्या मिनिटात गाडी लावली. मुलाने टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी नव्हत्या.

वेळास हे नाना फडणवीसांचं गाव; पण हल्ली त्याची ओळख कासवांमुळे आहे. मी आधी वाचून आलो होतो. संध्याकाळी किनाऱ्यावर कुंपणाशी पन्नाससाठ माणसं गोळा झालेली बघितली आणि मला राहवेना. मी मुलांना सांगायला लागलो, जरा मोठ्याने, म्हणजे इतरांचाही फायदा व्हावा. की ही ऑलिव्ह रिडले कासवं. मादी रात्री वाळूत येते, खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू सारते आणि निघून जाते ती पिल्लांचं तोंडही बघत नाही. पूर्वी ही अंडी कुत्री, कोल्हे आणि माणसं, तिघंही पळवायची. २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने इथे संवर्धन सुरू केलं, तेव्हापासून गावचे कासवमित्र अंडी उचलून या कुंपणात पुरतात, वर टोपली पालथी घालतात, साधारण पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात आणि मग त्यांना पाण्यापासून थोडं अलीकडे वाळूवर सोडतात, पुढे ती आपली आपण चालत जातात. माझ्या शेजारी हाफ पँट घातलेला एक मुलगा हे सगळं शांतपणे ऐकत होता. मी त्यालाही अंड्यांचा आकार बोटांनी करून दाखवला. माझं झाल्यावर तो “हो काका” म्हणाला, कुंपणाचं फाटक उघडून आत गेला आणि टोपल्या उचलून बघायला लागला.

तोच कासवमित्र होता.

टोपल्यांखाली काही नव्हतं. हंगाम संपत आला होता, आणि पिल्लं आपल्या मर्जीने येतात, गावाचं त्यात काही चालत नाही. पण मी इतकं बोलून ठेवल्यामुळे लोक त्या मुलाला सोडून माझ्याकडे बघू लागले. “आता?” असं एका बाईंनी मलाच विचारलं. “आता उद्या सकाळी,” मी म्हणालो, जणू काही मी रात्रीतून व्यवस्था करणार होतो. एका लहान मुलीने माझ्याकडे बघून भोकाड पसरलं.

रात्री चंद्रोदय होईपर्यंत वेळासच्या आमच्या मुक्कामाच्या घरातल्या काकूंनी सगळ्यांना ताटकळत ठेवलं आणि मग ओसरीवर पानं मांडली. संकष्टी म्हणून उकडीचे मोदक होते. कोकणातल्या या घरांमध्ये मेनू कार्ड नसतं, काकू जे करतील ते मेनू. आणि ‘आणखी एक घ्या’ हा प्रश्न नसून सूचना असते. खोली साधी होती, पंखा कुरकुरत होता, रेंज अंगणात तुळशीपाशी एक काडी यायची. मुलीने पहिला अर्धा तास तुळशीला प्रदक्षिणा घातल्या, नंतर तिने फोन खिशात टाकला आणि काकूंकडून मोदकाच्या कळ्या पाडायला शिकली. बायको स्वयंपाकघराकडे फिरकली नाही. आईला कमोड पसंत पडला. सगळं इतकं नीट चाललं होतं की मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं.

गुणाकारावरचा माझा विश्वास उडाला होता. म्हणून पहाटे उठून मी भरतीची वेळ फोनवरच्या अ‍ॅपमध्ये बघायची ठरवली. काका म्हणाले, “रेंज हवी तर वर सड्यावर जा.” गेलो. चढ चांगला घामटं काढणारा होता. वर पोचल्यावर तीन काड्या आल्या, अ‍ॅप उघडलं, त्यात दुपारची भरती पावणेचारच्या आसपास दाखवली होती. म्हणजे पंचमी, पाच गुणिले पाऊण. नियम अगदी चोख. मी खूश होऊन खाली बघितलं. किनाऱ्यावर माणसांचा छोटा घोळका दिसत होता. लोक सकाळी सकाळी काय उगीच गर्दी करतात, असं मला वाटलं.

दहा-बारा पिल्लं निघाली होती. मुलगा दिवसभर सांगत होता, एक कसं उलटं पडलं, पाय झाडत राहिलं, मग लाटेनेच त्याला सरळ केलं आणि घेऊन गेली. मुलीने बघितली, बायकोने बघितली. घरात दोन जिने चढताना जी कण्हते ती माझी आई काकूंचा हात धरून वाळूतून चालत गेली आणि तिनेही बघितली. मी त्यांना सड्यावरून घेतलेला अ‍ॅपचा स्क्रीनशॉट दाखवला.

पुढचं थोडक्यात सांगतो. आसूदला केशवराजाच्या देवळाकडे सुपारीच्या बागांतून, ओढा ओलांडून, दगडी पायऱ्यांनी जावं लागतं. भर उन्हात तिथे इतका गारवा असतो की मी पायरीवर टेकलो आणि झोपलो. बाकीचे देऊळ बघून, गोमुखाचं पाणी पिऊन परत आले. मुरुडच्या समुद्रात होडीतून डॉल्फिन बघितले. म्हणजे त्यांनी बघितले. होडीच्या ज्या बाजूला डॉल्फिन होते, तिच्या दुसऱ्या बाजूला वाकून मी माझा नाश्ता समुद्राला परत करत होतो.

हर्णेला मात्र मला थांबलंच पाहिजे. संध्याकाळी तिथे मासळीचा लिलाव असतो. होड्या पाण्यात उभ्या असतात, बैलगाड्या थेट लाटांमध्ये शिरून मासळी काठावर आणतात, वाळूवर ढीग पडतात आणि त्यांच्याभोवती बोल्या सुरू होतात. पाय ठेवायला जागा नसते, नाक धरायला हात मोकळा नसतो, आणि तरी हे दृश्य सोडवत नाही. समोर पाण्यात किल्ला. मी मुलांना म्हणालो, “बघा, महाराजांनी १६६४ साली या किल्ल्याचं बांधकाम सुरू केलं.” बर्फ वाहून नेणारा एक पोऱ्या थबकला. “काका, तो सिंधुदुर्ग. मालवणला. हा सुवर्णदुर्ग.” मी म्हटलं, साल तर बरोबर आहे ना. किल्ला तेवढा दोनशे किलोमीटर चुकला होता. मग त्यानेच मुलांना कान्होजी आंग्र्यांचं नाव सांगितलं, किनाऱ्यावरचे कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला बोटाने दाखवले. जाताना त्याने मुलाला एक बर्फाचा तुकडा दिला. मला दिला नाही.

या अपमानाच्या भरात मी मासळी घ्यायची ठरवली. आम्ही मासे खातो, पण ताटात आलेले. घासाघीस मात्र मला मामाने शिकवली होती : कोळीण सांगेल त्याच्या निम्मे सांगायचे, मग ती ओरडते, मग आपण चालायला लागायचं, मग ती हाक मारते, आणि मग कुठेतरी मध्ये सौदा जुळतो. समोर मांदेली होती, सोनेरी, चमचमती.

“मावशी, कशी दिली?”

“हजार.”

“पाचशे,” मी म्हणालो आणि ठरल्याप्रमाणे पाठ फिरवून चालायला लागलो.

“घे,” मागून आवाज आला.

हे मामाने शिकवलं नव्हतं. परत वळलो तर तिने वाटा नव्हे, अख्खं टोपलं उचललं होतं. बायको म्हणाली, “अहो, ही करंगळीएवढी मासळी. साफ कोण करणार?” मी ऐटीत म्हणालो, “मुरुडच्या काकू करतील. घरगुती जेवण आहे.”

मुरुडच्या काकू ओटीवर आल्या, टोपल्याकडे बघितलं आणि उंबऱ्याच्या आत एक पाऊल मागे सरल्या. मागून काका म्हणाले, “फोनवर सांगत होतो ना, आमच्याकडे शाकाहारी असतं. तुमचा फोन मध्येच कापला गेला.” दोघंही फार सभ्य होते. बायको बॅगा घेऊन आत गेली, आई आत गेली, मुलं आत गेली. मी आणि मांदेली अंगणात राहिलो. काळोखात टोपलं घेऊन मी पलीकडच्या आळीत दारोदार गेलो. आधी अडीचशे म्हणालो, मग शंभर, मग फुकट. पण ज्यांची स्वतःची होडी दुपारी लागली, त्यांना पुण्याहून आलेला माणूस मांदेली देतोय, याचंच हसू येत होतं. एका म्हातारीने कल्ला उघडून बघितला आणि “ताजी नाय ही” म्हणून दार लावलं. शेवटी टोपलं डिकीत गेलं. रात्रभर गावातली मांजरं बॉनेटवर बसून माझ्या नावाने जागरण करत होती. सकाळी एक बाई मांदेली सुकवायला न्यायला तयार झाली. मिठाचे म्हणून तिने माझ्याकडून ५० रुपये घेतले.

टोपलं गेलं, पण त्यातल्या बर्फाचं पाणी स्टेपनीच्या खाचेत उतरलं होतं, आणि एप्रिलच्या उन्हात बंद गाडीत त्याचं काय होतं ते आम्हाला मंडणगडच्या अलीकडेच कळलं. पुण्यापर्यंत खिडक्या उघड्या ठेवून आलो. नंतर डिकीत कॉफी पावडर ठेवून झाली, कोळसा ठेवून झाला, लिंबं चिरून झाली, आईने धूप जाळला, गॅरेजवाल्याने कार्पेट काढून धुतलं आणि पुढच्या वेळी दुसरीकडे बघा म्हणाला. आता कॉफी, कोळसा, लिंबू, धूप आणि मांदेली असा एकत्र वास येतो.

पुढची सुट्टी तारकर्लीला ठरली आहे. नियोजन मुलगी करते आहे. तिने पहिला फोन लावला तेव्हा आधी कमोडचं विचारलं, मग जेवणाचं, आणि पूर्ण उत्तर ऐकून घेतलं. जायचं मात्र एसटीने आहे, कारण त्या गाडीत बसायला घरातलं कुणी तयार नाही.

तेव्हा गाडी विकायची आहे. एकहाती वापरलेली, इंजिन उत्तम, एव्हरेज चांगलं, डिकी प्रशस्त. रिव्हर्स गिअर जवळजवळ नवाकोरा. किमतीचं बघू, तुम्ही सांगाल त्याला मी ‘घ्या’ म्हणेन. बघायला येणार असाल तर सकाळी लवकर या, ऊन चढायच्या आत.